मुद्दल शाबूत, व्याज नशिबावर: ब्रिटनमधल्या प्रीमियम बाँडचा हिशेब

ब्रिटनमध्ये नोकरी लागून वर्ष-दीड वर्ष झालं, घरभाडं आणि नर्सरीची फी जाऊन खात्यात चार पैसे साठायला लागले, की ऑफिसात कुणीतरी प्रीमियम बाँडचं नाव काढतंच. पैसे बुडत नाहीत, बक्षिसावर टॅक्स नाही आणि नशीब फळफळलं तर दहा लाख पौंड. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण जाहिरातीत छापलेला दर तुमच्या पदरात पडेलच असं नाही. बहुतेकांच्या पदरात तो पडत नाही, आणि ते का, हे शाळेतल्या गणिताने कळतं. ते गणित, टॅक्सचा भाग आणि प्रत्यक्ष खरेदी असा क्रम खाली ठेवला आहे.

आधी वस्तू ओळखा

प्रीमियम बाँड विकते एनएस अँड आय, म्हणजे ब्रिटिश सरकारची बचत संस्था. एका पौंडाला एक बाँड. कमीत कमी २५ पौंडांचे घ्यावे लागतात, एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त ५०,००० पौंडांचे. व्याज मिळत नाही. सगळ्यांच्या पैशांवर जे व्याज झालं असतं त्याची एक थैली होते आणि दर महिन्याला सोडत काढून ती वाटली जाते. बक्षिसं २५ पौंडांपासून सुरू होतात, वर १० लाखांची दोन. तुमचं मुद्दल जसंच्या तसं राहतं आणि हवं तेव्हा परत घेता येतं, दंड नाही.

आपल्याकडच्या भिशीशी याची तुलना हमखास होते, पण ती फसवी आहे. भिशीत चिठ्ठी कुणाची आधी निघेल एवढंच नशिबावर असतं, पाळी प्रत्येकाची येते. इथे पाळी नसते. दहा वर्षं बाँड धरून एक छदाम न मिळालेली माणसं असतात आणि त्यात कुणाची चूक नसते. लॉटरीशीही तुलना चुकीचीच, कारण लॉटरीचं तिकीट सोडतीनंतर रद्दी होतं, बाँड पुढच्या महिन्याच्या सोडतीत पुन्हा असतो.

योजना जुनी आहे. हॅरल्ड मॅकमिलन अर्थमंत्री असताना १९५६च्या अर्थसंकल्पात ती जाहीर झाली, १ नोव्हेंबर १९५६ला विक्री सुरू झाली आणि जून १९५७मध्ये पहिली सोडत निघाली. तेव्हा सर्वांत मोठं बक्षीस १,००० पौंडांचं होतं. आकडे काढणाऱ्या यंत्राचं नाव अर्नी. पहिला अर्नी डॉलिस हिलच्या पोस्ट खात्याच्या संशोधन केंद्रात तयार झाला, महायुद्धात कोलोसस संगणक उभारणाऱ्या टॉमी फ्लॉवर्स यांच्या चमूकडून. सध्याचा पाचवा अर्नी २०१९पासून चालू आहे आणि क्वांटम तंत्राने आकडे काढतो. त्याच्या पोटात बाँडांची यादी नसते. तो नुसते यादृच्छिक आकडे फेकतो, ते पात्र बाँडांशी नंतर जुळवले जातात आणि निकाल खरोखर यादृच्छिक आहे का हे सरकारचा अ‍ॅक्च्युअरी विभाग तपासतो. म्हणून ‘अर्नीला अमुक भागातली माणसं आवडतात’ वगैरे गप्पा चहाबरोबरच ठीक.

छापील दर सोलून बघा

ऑगस्ट २०२५च्या सोडतीपासून बक्षीस-निधीचा दर ३.६० टक्के आणि एका बाँडला एका महिन्यात बक्षीस लागण्याची शक्यता २२,००० मध्ये १ अशी ठेवली गेली. पुढचं सगळं गणित याच आकड्यांवर आहे. हा दर एनएस अँड आय अधूनमधून बदलते (सप्टेंबर २०२३मध्ये तो ४.६५ होता, तिथून घसरत आला), तेव्हा खरेदीच्या दिवशी ताजा आकडा बघा आणि तोच घालून ही आकडेमोड करा. पद्धत तीच राहते.

३.६० टक्के ही सगळ्या बाँडधारकांची मिळून सरासरी आहे. दोन जण १० लाख घेऊन जातात, ते पैसेही या सरासरीत मोजलेले असतात. थैलीचे तीन कप्पे आहेत. ८० टक्के रक्कम छोट्या बक्षिसांना जाते: २५, ५० आणि १०० पौंड. १० टक्के मधल्या बक्षिसांना: ५०० आणि १,०००. उरलेले १० टक्के ५,०००पासून १० लाखांपर्यंतच्या मोठ्यांना. साध्या माणसाने मोठा कप्पा विसरून जावा. मधल्या कप्प्यातलं बक्षीस तर ५०,०००चे पूर्ण बाँड असले तरी सरासरीने साडेतीन वर्षांतून एकदा येतं. मग रोजच्या नशिबाचा दर उरला ३.६० गुणिले ०.८, म्हणजे २.८८ टक्के. बँकेच्या दराशी तुलना करताना हा आकडा धरा. छापील दराला ०.८ने गुणायचं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

दहा लाखांचं काय? ऑगस्ट २०२५मध्ये सोडतीत तेरा हजार कोटींहून अधिक बाँड होते आणि महिन्याला १० लाखांची बक्षिसं दोन. ज्याच्याकडे पूर्ण ५०,०००चे बाँड आहेत, त्याला वर्षभरात ते लागण्याची शक्यता सुमारे १ लाख १० हजारांत १. ज्याच्याकडे १,०००चे आहेत, त्याला सुमारे ५५ लाखांत १. हे स्वप्न फुकट आहे असं म्हणतात. फुकट नाही, बँकेत मिळालं असतं ते व्याज ही त्याची किंमत.

तुमच्या रकमेला किती बक्षिसं येतील

सूत्र सोपं आहे: रक्कम गुणिले १२, भागिले २२,००० म्हणजे वर्षाची सरासरी बक्षिसं.

२५ पौंडांच्या बाँडांना सरासरीने ७३ वर्षांत एक बक्षीस. वाढदिवसाच्या पाकिटात घालून दिलेले बाँड बहुधा आठवण म्हणूनच राहतात, ते यामुळे.

१,००० पौंड ठेवले तर सरासरीने २२ महिन्यांत एक. वर्षभरात काहीच न लागण्याची शक्यता ५८ टक्के. आणखी सुमारे ३२ टक्के लोकांना वर्षात एकच बक्षीस लागतं, ते बहुतेक वेळा २५, ५० किंवा १००चं. ४ टक्क्यांच्या बँक खात्यात हेच पैसे निमूटपणे ४० पौंड देतात. म्हणजे हजारातल्या माणसाला बँकेला हरवायचं तर ५०चं किंवा त्याहून मोठं एक बक्षीस नाहीतर २५ची दोन लागायला हवीत, आणि निम्म्याहून अधिक वर्षं एकही लागत नाही.

५,००० पौंडांना वर्षाला सरासरी पावणेतीन बक्षिसं, कोरडं वर्ष जाण्याची शक्यता साडेसहा टक्के. १०,०००ला साडेपाच बक्षिसं आणि कोरडं वर्ष अगदी विरळा, हजारात चार. इथून पुढे नशीब हळूहळू सरासरीकडे सरकतं. ५०,०००ला वर्षाला सत्तावीस बक्षिसं, म्हणजे महिन्याला दोन-सव्वादोन, आणि परतावा बहुतेक वर्षी ३ टक्क्यांच्या आसपास घुटमळतो.

१०,०००चा एक हिशेब शेवटपर्यंत करून बघू. साडेपाच बक्षिसं, छोट्या बक्षिसाची सरासरी किंमत सुमारे ५३ पौंड. गुणाकार २९० पौंडांच्या घरात. खात्यावर ते असं दिसेल: फेब्रुवारीत २५, मार्च-एप्रिल कोरडे, मेमध्ये १००, जूनमध्ये ५०, मग सप्टेंबरपर्यंत शांतता, नंतर परत ५० आणि वर्ष संपता संपता २५ची एक-दोन. हे नमुन्यादाखल. खऱ्या आयुष्यात कुणाला १५० येतील, कुणाला ५००. ४ टक्क्यांच्या खात्यात मात्र ४०० हे ठरलेले.

एवढ्यावर बाँडांचा विषय मिटायला हवा होता. पण व्याजावर टॅक्स लागतो आणि बक्षिसावर लागत नाही.

तुमचा टॅक्स कुठे बसतो ते आधी पाहा

ब्रिटनमध्ये बँक व्याज पूर्ण देते, कापून नाही. मूळ दराने, म्हणजे २० टक्क्यांनी कर भरणाऱ्याला वर्षाला १,००० पौंड व्याज करमुक्त मिळतं. ४० टक्केवाल्याला ५००. ४५ टक्केवाल्याला शून्य. ४ टक्के दराने १,००० पौंड व्याज व्हायला २५,००० लागतात, ५०० व्हायला १२,५००. तुमची एकूण बचत या आकड्यांच्या आत असेल, तर व्याजावर टॅक्स लागतच नाही आणि बाँडांचा एकुलता एक मोठा फायदा तुमच्या कामाचा नाही. नव्याने आलेल्या बहुतेकांची गत हीच असते. त्यांच्यासाठी चांगलं बचत खातं सरळ जिंकतं.

मर्यादा ओलांडली की चित्र पालटतं. त्यापुढच्या प्रत्येक पौंडावर ४ टक्क्यांचे हातात उरतात: २० टक्केवाल्याला ३.२, ४० टक्केवाल्याला २.४, ४५ टक्केवाल्याला २.२. आता बाँडांचे २.८८ शेजारी ठेवा. २० टक्केवाल्याला जवळपास बरोबरी, किंचित तोटाच. ४० आणि ४५वाल्याला बाँड पुढे. उलट बाजूने सांगायचं तर ४० टक्केवाल्याला बाँडांची बरोबरी करायला बँकेने ४.८ टक्के द्यायला हवेत. एप्रिल २०२७पासून व्याजावरचे हे दर दोन-दोन टक्क्यांनी वाढून २२, ४२ आणि ४७ होणार आहेत, तेव्हा पारडं आणखी थोडं झुकेल.

आयटी आणि वैद्यकीय क्षेत्रातल्या मराठी कुटुंबांनी इथे एक जागा नीट वाचावी. वर्षाचं उत्पन्न १,००,००० पौंडांच्या काठावर असेल तर व्याज घातक ठरतं. त्या रेषेपुढे करमुक्त भत्ता, म्हणजे उत्पन्नाचा ज्यावर टॅक्सच लागत नाही तो भाग, वितळायला लागतो, आणि १,२५,१४० पर्यंत प्रत्येक जादा पौंडावर एकूण फटका ६० टक्क्यांचा बसतो. त्याहून मोठं दुखणं लहान मुलं असणाऱ्यांचं: आईवडिलांपैकी एकाचंही समायोजित निव्वळ उत्पन्न १,००,०००च्या वर गेलं, की नोकरदार पालकांसाठीचे मोफत नर्सरीचे तास आणि करमुक्त बालसंगोपन योजना दोन्ही जातात. पगार ९९,६०० आणि बँकेचं व्याज ५००, झाली रेषा पार. ते ५०० तुमच्या करमुक्त मर्यादेत असले तरी या मोजणीत धरले जातात, आणि नेमकं हेच लोकांच्या ध्यानात येत नाही. प्रीमियम बाँडांची बक्षिसं या मोजणीत येत नाहीत. आयसा, म्हणजे सरकारमान्य करमुक्त बचत खातं, त्यातलं व्याजही येत नाही. चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांसाठी मिळणारा सरकारी भत्ता, त्याची वसुली ६०,०००च्या उत्पन्नापासून सुरू होते, तिथेही हाच नियम.

पर्याय समोरासमोर

आयसा पहिला. वर्षाला २०,००० पौंड आत टाकता येतात, आतलं व्याज कायमचं करमुक्त आणि दर ठरलेला. ६ एप्रिल ते ५ एप्रिल या करवर्षात मर्यादा वापरली नाही तर ती वाया जाते, पुढच्या वर्षी मिळत नाही. एप्रिल २०२७पासून ६५ वर्षांखालच्यांना रोख आयसामध्ये १२,०००च टाकता येतील. रोख आयसा ३.५ ते ४ टक्के देत असेल तर बाँडांनी त्याच्याशी झुंजायचंच कारण नाही. करमुक्तता सारखीच आणि परतावा ठरलेला. म्हणून आयसा रिकामा ठेवून आधी बाँड घेणं ही आमच्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत महागडी चूक.

मुदत ठेव, जिला इथे फिक्स्ड रेट बाँड म्हणतात, दर बांधून देते. पैसे मध्ये काढता येत नाहीत. एक खाचखळगा: दोन वर्षांची ठेव व्याज शेवटी एकदम देत असेल, तर ते सगळं व्याज एकाच करवर्षात मोजलं जातं आणि ज्याची मर्यादा एरवी ओलांडली नसती तोही टॅक्समध्ये सापडतो. दर वर्षी व्याज खात्यावर जमा करून घेण्याचा पर्याय असेल तर तो घ्या.

सरकारी रोखे, म्हणजे गिल्ट, हा ४० टक्केवाल्यांचा खरा प्रतिस्पर्धी पर्याय आहे, आणि नवख्यांना तो माहीतच नसतो. गिल्टवरचा भांडवली नफा व्यक्तींना करमुक्त आहे, टॅक्स लागतो तो फक्त व्याजाच्या हप्त्यावर. त्यामुळे ज्या रोख्यांचा हप्ता नाममात्र आहे, ते शंभराच्या खाली विकत मिळतात आणि मुदतीला शंभर देतात. जानेवारी २०२८ला संपणारा ०.१२५ टक्क्याचा गिल्ट हे याचं उदाहरण. समजा ९५ला घेतला आणि १०० मिळाले, तर ते ५ पौंड पूर्ण तुमचे. विकत घ्यायला गुंतवणुकीचं खातं लागतं, त्याची फी आणि खरेदी-शुल्क आधी पाहा, छोट्या रकमेचा नफा ते खाऊन टाकतं. मुदतीआधी विकलात तर भाव वरखाली झालेला असू शकतो. मुदतीपर्यंत थांबणाराच इथे जोखीममुक्त असतो.

मनी मार्केट फंडांवर सरकारी हमी नसते आणि आयसाबाहेर त्यांचं उत्पन्न व्याज म्हणूनच मोजलं जातं. त्यावर इथे जास्त वेळ घालवत नाही.

सुरक्षिततेचं म्हणाल तर एनएस अँड आयमागे ब्रिटिश सरकारचा खजिना पूर्ण रकमेसाठी उभा आहे. बँका आणि बिल्डिंग सोसायट्यांत १ डिसेंबर २०२५पासून एका परवान्यामागे माणशी १,२०,००० पौंडांपर्यंत संरक्षण आहे. ‘एका परवान्यामागे’ हे शब्द महत्त्वाचे, कारण वेगळ्या नावाच्या दोन बँका एकाच परवान्यावर चालत असू शकतात. नव्याने आलेल्याची बचत या रकमेच्या आत असते, तेव्हा ‘बाँड जास्त सुरक्षित’ या मुद्द्याला त्याच्यासाठी वजन नाही.

भारतातल्या एनआरई ठेवीचा, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या रुपयातल्या ठेवीचा, दर मोठा दिसतो, तोही तुलनेत येतोच. भारतात ते व्याज करमुक्त, पण ब्रिटनचा रहिवासी झाल्यावर ते ब्रिटनमध्ये करपात्र आहे. आधीची सलग १० करवर्षं तुम्ही ब्रिटनचे रहिवासी नसाल, तर एप्रिल २०२५पासूनच्या नियमानुसार पहिली चार करवर्षं परदेशी उत्पन्नावर सूट मागता येते. ती मागितली की त्या वर्षाचा वैयक्तिक करमुक्त भत्ता सोडावा लागतो, म्हणून व्याज किरकोळ असेल तर सूट घेणंच महागात पडतं. आणि रुपया पौंडासमोर घसरला तर दरातला फरक तिथेच विरून जातो. ज्या पैशाचा खर्च पौंडात आहे, त्याला कमी जोखमीच्या पर्यायांत एनआरई ठेव मोजू नये.

खरेदी: पायरीपायरीने

१. तुमचं वय १६ किंवा त्याहून जास्त हवं आणि तुमच्या स्वतःच्या नावावर ब्रिटनमधलं बँक खातं हवं. बाँड संयुक्त नावावर मिळत नाहीत. नवराबायकोने घ्यायचे तर दोघांनी वेगवेगळे, प्रत्येकाची मर्यादा ५०,०००.

२. खरेदी थेट एनएस अँड आयच्या संकेतस्थळावरून करा. पत्ता स्वतः टाइप करा, शोधयंत्रातल्या जाहिरातीवरून जाऊ नका. मध्ये दलाल लागत नाही आणि फीही नाही.

३. नाव बँक खात्यावर आहे तसंच लिहा. पासपोर्टावर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे आहे, बँकेत नाही, अशी गडबड मराठी नावांत फार होते आणि ओळख-तपासणी तिथे अडते. देशात येऊन थोडेच महिने झाले असतील तर पत्त्याची नोंद पुरेशी न सापडल्याने कागदपत्रं मागितली जाऊ शकतात. अशा वेळी नवं अर्ज-सत्र सुरू करू नका, मागितलेले कागद पाठवा.

४. डेबिट कार्डाने पैसे भरा. पुढे दर महिन्याला थोडे घालायचे असतील तर बँकेतून स्थायी आदेश (स्टँडिंग ऑर्डर) लावा, कमीत कमी २५ पौंडांचा.

५. बक्षीस थेट बँकेत जमा व्हावं की त्याचे नवे बाँड घ्यावेत, हे लगेच निवडा. हे न केल्यास जुन्या पद्धतीने कागदी धनादेश पोस्टाने येऊ शकतो. भाड्याची घरं बदलणाऱ्यांचे धनादेश असेच हरवतात. बक्षिसावर दावा करायला मुदत नाही, पैसे जात नाहीत, पण वर्षानुवर्षं बिनव्याजी पडून राहतात.

६. दोन वेगळे क्रमांक येतील: एक ग्राहक म्हणून लॉग-इनचा, दुसरा धारक क्रमांक. बक्षीस तपासायचं अ‍ॅप धारक क्रमांक मागतं. ‘माझा नंबर चालत नाही’ ही तक्रार दहापैकी नऊ वेळा या अदलाबदलीची असते.

तारखांचा खेळ

बाँड घेतल्यानंतर एक पूर्ण कॅलेंडर महिना धरावा लागतो, मग तो सोडतीत जातो. १ जूनला घेतला किंवा ३० जूनला घेतला, दोन्हींची पहिली सोडत ऑगस्टची. १ जूनवाल्याचे पैसे दोन महिने काहीही न कमावता पडून राहिले, ३० जूनवाल्याचे एक. १०,०००वर ४ टक्क्यांच्या खात्यात एका महिन्याचे सुमारे ३३ पौंड होतात. तेव्हा खरेदी महिनाअखेरीस करा, पण शेवटच्या दिवसावर ठेवू नका. पैसे वेळेत जमा झाले नाहीत तर पूर्ण महिना हातचा जातो, म्हणून दोन-तीन कामाचे दिवस राखून.

काढताना उलट. सोडत महिन्याच्या सुरुवातीला निघते, म्हणून ती झाल्यावर काढा. ३० तारखेला काढलेत तर महिनाभर धरून ठेवलेली सोडत दारातून परत पाठवल्यासारखं होतं. पैसे यायला साधारण तीन कामाचे दिवस लागतात, तेव्हा बॉयलर बंद पडला तर लागणारे पैसे चालू किंवा बचत खात्यातच असू द्या.

या सुरुवातीच्या कोरड्या महिन्यामुळे चार-सहा महिन्यांसाठी बाँड घेण्यात काही राम नाही. घराच्या डिपॉझिटसाठी सहा महिन्यांत पैसे लागणार असतील तर सरळ बचत खातं.

मुलांच्या नावावर

१६ वर्षांखालच्या मुलासाठी बाँड घेता येतात, सांभाळ पालकाच्या नावे राहतो. इथे खरा उपयोग आहे. आईबाबांनी दिलेल्या पैशांवर मुलाच्या खात्यात वर्षाला १०० पौंडांपेक्षा जास्त व्याज झालं, तर ते सगळं व्याज त्या पालकाचं उत्पन्न धरलं जातं. बाँडांच्या बक्षिसाला ही अट लागू पडत नाही. पण मुलांच्या आयसात वर्षाला ९,००० टाकता येतात आणि तिथेही ही अट नाही. तो भरलेला नसेल तर आधी तो. फरक एवढाच की मुलांच्या आयसातले पैसे १८ पूर्ण झाल्याशिवाय निघत नाहीत, बाँड त्याआधी मोडता येतात.

भारतातल्या आजी-आजोबांना नातवासाठी बाँड घ्यायची हौस असेल तर त्यांनी थेट तिकडून घेऊ नयेत. लॉटरी, सोडत अशा गोष्टींसाठी पैसे बाहेर पाठवायला भारताच्या परकीय चलन नियमांत मनाई आहे, उगाच त्या वाटेला जाण्यात अर्थ नाही.

चालत आलेले समज

नवे बाँड जास्त लागतात, म्हणून जुने मोडून नवे घ्यावेत, हा सर्वांत पसरलेला समज. नव्यांची बक्षिसं जास्त दिसतात कारण नवे बाँडच संख्येने जास्त आहेत. जुना मोडून नवा घेतला की फक्त एका महिन्याची सोडत हुकते. सलग क्रमांक घेतल्याने, सुट्या क्रमांकांनी, महिन्याच्या विशिष्ट दिवशी घेतल्याने बक्षीस लागण्याची शक्यता बदलत नाही.

दुसरी गोष्ट समज नाही, ठकबाजी. ‘तुम्हाला प्रीमियम बाँडचं बक्षीस लागलं, पुढील प्रक्रियेसाठी शुल्क भरा’ असा संदेश आला की तो पुसून टाका. खऱ्या बक्षिसाला शुल्क नसतं. १० लाख लागणाऱ्याकडे तर एनएस अँड आयचा माणूस स्वतः घरी येतो, त्याला एजंट मिलियन म्हणतात.

आणि युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारी सरकारी मदत, घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं की बाँडांची रक्कम बचत म्हणून मोजली जाते. एकूण बचत ६,०००च्या वर गेली की मदत कमी होते, १६,०००च्या वर बंद.

भारतात परतताना

बाँड मोडलेच पाहिजेत असं नाही. परदेशात रहिवासी असताना मिळवलेली मालमत्ता भारतात परतल्यावरही ठेवता येते. मात्र ब्रिटनमधलं बँक खातं चालू हवं, नाहीतर बक्षीस जमा व्हायला जागा उरत नाही. पत्ता बदलून ठेवा. ब्रिटनमधली करमुक्तता ब्रिटनपुरतीच आहे: भारताचे पूर्ण रहिवासी झालात की हे बाँड विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावे लागतात आणि बक्षिसावर भारताचा कर लागतो. परतल्यावरची पहिली दोन-तीन वर्षं अनेकांची स्थिती ‘रहिवासी पण सामान्य रहिवासी नाही’ अशी असते, तेव्हा परदेशी उत्पन्न सहसा भारतात करपात्र नसतं. बाँड मोडायचे असतील तर या मुदतीत, महिन्याची सोडत झाल्यावर मोडा.

बाँड दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, वारसाच्याही नाही. धारक गेल्यावर ते १२ महिन्यांपर्यंत सोडतीत राहू शकतात, मग रक्कम वारसांना मिळते. त्यासाठी बाँड आहेत हे घरच्यांना माहीत असायला हवं. धारक क्रमांक घरातल्या कागदांच्या फाइलमध्ये, पीपीएफच्या पासबुकाशेजारी लिहून ठेवा.